जळगाव जिल्हा चंदीगडला चिकटला

बदलीच्या नोकरीतला संसार कागदात गुंडाळलेला असतो. रघुवीर सोहोनींच्या घरी तर तो अगदी शब्दशः तसा होता. नागपूर, जबलपूर, डेहराडून अशी गावं करत ते केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेचे ग्रंथपाल म्हणून चंदीगडला आले, तेव्हा प्रतिमाताईंनी बरोबर आणलेली निम्मी खोकी उघडलीच नाहीत. पुन्हा बदली होणार, पुन्हा बांधाबांध करायची, मग सोडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पुढची बदली काही आली नाही. सोहोनी इथंच निवृत्त झाले, शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात दुसऱ्या मजल्यावर छोटासा फ्लॅट घेतला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि मग एका दुपारी प्रतिमाताईंनी पहिलं खोकं फोडलं. बशा, कप, लोणच्याच्या बरण्या, सगळं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं. बशा धुऊन फळीवर गेल्या. कागद रद्दीत जाणार, तेवढ्यात सोहोनी म्हणाले, "थांब, एवढं वाचून होऊ दे."

ते वाचून अजून व्हायचं आहे.

चुरगळलेला कागद ते पाण्याचा हबका मारून, कोमट इस्त्री फिरवून सपाट करत आणि खिडकीपाशी घेऊन बसत. कपाला गुंडाळलेल्या कागदातून पूर्ण बातमी क्वचितच निघते. मथळा असतो, खालचा मजकूर फाटलेला असतो. उरलेली बातमी मग सोहोनी मनानं पुरी करत, आणि त्यांच्या मनाची खोड अशी, की ते घडलेल्या दिशेला कधी जायचंच नाही. आकाशातली ती अमेरिकेची प्रयोगशाळा, स्कायलॅब, कोसळणार म्हणून सगळा देश घाबरला होता, त्या दिवसाचा मथळा निघाला. खऱ्या जगात तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाकडे पडले. सोहोनींच्या बातमीत ती अलगद चंदीगडच्या सुखना तलावात उतरली, आणि तलावात विनापरवाना जलवाहतूक केल्याबद्दल तिला नोटीस बजावण्यात आली. सूर्यग्रहणाचा मथळा निघाला, तर ग्रहण सुटल्यावर सूर्यानं कामावर रुजू व्हायला नकार दिला आणि त्याची समजूत घालायला शिष्टमंडळ गेलं. रंगीत दूरदर्शन आलं, तेव्हा निवेदिकेच्या साडीचा रंग प्रत्येक घरात वेगळा दिसला आणि तिनं नेमकी कोणती साडी नेसली होती हे ठरवायला चौकशी आयोग बसला.

हे सगळं त्यांनी कुणाला दाखवण्यासाठी लिहिलं नव्हतं. ते नरेश भंगाळेंच्या हाती लागलं.

भंगाळे मूळचे जळगाव जिल्ह्यातले, भुसावळच्या अलीकडचे. दूरसंचार खात्यात जन्म गेला. ट्रंक कॉलच्या काळात रात्रंदिवस फोनमध्ये ओरडून त्यांनी असा आवाज कमावला होता, की मोहालीत ते मुलाच्या सोसायटीच्या गच्चीवर खोकले तर खालच्या गुरख्यानं सलाम ठोकावा. एकदा चहाला आले असताना खिडकीतले कागद त्यांनी उचलले, पहिलं पान उभ्यानं वाचलं, दुसरं बसून, आणि म्हणाले, "सोहोनी, हे तू गणपतीत वाचणार आहेस."

"छे."

"मग मी वाचतो. तू पाणी दे."

तेव्हापासून मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात रविवारी, महाप्रसादाच्या आधी, 'न घडलेल्या बातम्या' हा कार्यक्रम ठरूनच गेला. लिहायचं सोहोनींनी, वाचायचं भंगाळेंनी. सोहोनी हॉलच्या मागच्या दाराशी, चपला काढून ठेवतात तिथल्या खुर्चीवर बसत आणि ऐकत. ऐकता ऐकता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, आणि ती त्यांनी प्रतिमाताईंनाही सांगितली नव्हती. लोक सगळ्यात जोरात हसत ते भंगाळेंनी ऐन वेळी घुसडलेल्या वाक्यांना. सोहोनींनी स्कायलॅबला नोटीस दिली, तेव्हा लोकांनी स्मित केलं. भंगाळेंनी स्कायलॅबला काच खाली करून "भाई साहब, पार्किंग किधर है जी?" विचारायला लावलं, तेव्हा हॉल हसून कोसळला. सोहोनींना त्याचं वाईट वाटत नसे. पण आपण नुसत्या वाती वळतो, दिवा लावणारा दुसराच आहे, एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

या वर्षी होळीनंतर भंगाळेंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण आवाज गेला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत नाही, दुसरीला तिचं काम शिकवावं लागेल, आणि ते शिकवायचं बोलूनच. रोज बोला, माणसांशी बोला. नाही बोललात तर जो आहे तो एवढाच राहील.

जो होता तो आवाज म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा होता. भंगाळेंनी तो पहिल्यांदा फोनवर वापरला, भाजीवाल्याशी. पलीकडचा बिचारा "हैलो, आवाज नहीं आ रही जी" म्हणत राहिला आणि शेवटी त्यानं फोन ठेवला. भंगाळेंनीही ठेवला. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत. नातीची एक जुनी खेळण्यातली पाटी होती, लिहून बटण दाबलं की पुसली जाणारी. ती गळ्यात अडकवून ते घरात फिरू लागले.

सोहोनी दर आठवड्याला मोहालीला जात. जाताना टॅक्सीत ते विषय ठरवून घेत आणि तिथं पोचल्यावर विसरत. वर्षानुवर्षं त्यांनी भंगाळेंच्या घरी फक्त ऐकण्याचं काम केलं होतं. आता बोलायची पाळी त्यांच्यावर आली आणि त्यांना ते जमेना. दोघंही गप्प बसून चहा प्यायचे. सरलावहिनी एकदा दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून मी यांना सांगत आले, जरा हळू बोला, शेजारी ऐकतात. आता पाटीवर लिहितात, चहात साखर कमी. मी ती पाटी एक दिवस खाली फेकून देणार आहे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दिवाळीपर्यंत बोलले तर बोलले, म्हणतात. नाहीतर ती पट्टी तशीच आखडून बसेल."

गणपतीला तीन आठवडे उरले असताना लताचा फोन आला. लता विद्यापीठात शिकवायची आणि मंडळाची सांस्कृतिक चिटणीस होती. कामाची, घाईची मुलगी. "काका, भंगाळेकाका यायचं नाही म्हणतायत. मग तुमच्या बातम्यांचं काय करू? तिथं मुलांची क्विझ टाकू का?"

"टाक की," सोहोनी म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला.

प्रतिमाताई भाजी निवडत होत्या. "काय टाका म्हणालात?"

"क्विझ."

"आणि तुमचं?"

"वाचणार कोण?"

"तुम्ही. तुम्हाला मराठी वाचता येत नाही?"

"येतं. पण मनातल्या मनात येतं."

प्रतिमाताईंनी देठ मोडत त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचाल असं मलाही वाटत नाही. पण भंगाळे भावजींना त्या घरातून बाहेर काढायला दुसरं काय आहे तुमच्याकडे? समोर बसून चहा पिता, त्यानं आवाज येतो का कुणाचा?"

हे वाक्य सोहोनींना लागलं. ते उठून आतल्या खोलीत गेले. पण त्यांची कुठलीही गोष्ट एका उठण्यानं होत नसे, त्यामुळे ते परत येऊन बसले आणि संध्याकाळी पुन्हा उठले. आईच्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी घातलेला एक कागद त्यांनी मागेच काढून ठेवला होता. १९६६ सालचा. पंजाबचं विभाजन, हरियाणाचा जन्म, चंदीगड केंद्रशासित. खालचा मजकूर ट्रंकेच्या पत्र्याला चिकटून राहिला होता. सोहोनी त्या चिकटलेल्या जागेचा विचार करत बसले, आणि विचार करता करता त्यांना भंगाळेंचं गाव तिथं चिकटलेलं दिसलं.

आपल्या गावाचं नाव आलं की भंगाळे शेपटीवर पाय पडल्यासारखे जागे होतात, हे त्यांना ठाऊक होतं. निदान ऐकायला तरी येतील. त्यांनी लताला फोन करून क्विझ काढायला सांगितलं. सांगताना ते इतके अडखळले की लतानं विचारलं, "काका, बरं आहे ना?"

मोहालीला जाऊन त्यांनी आमंत्रण दिलं. भंगाळेंनी पाटीवर लिहिलं, "क्विझ बरी." सोहोनी म्हणाले, "जळगावावर लिहिलंय." भंगाळेंनी पाटी पुसली. मग लिहिलं, "मागे बसणार. कोणी विचारपूस करायची नाही." सरलावहिनींनी ते वाचलं आणि मान फिरवून स्वयंपाकघरात गेल्या.

रविवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. लष्करातले, बँकेतले, हॉस्पिटलातले, नुकतेच बदलून आलेले आणि कायमचे राहून गेलेले, असे सगळे. आरती झाली होती. मागच्या अंगणात कढईतल्या बटाट्याच्या भाजीचा आणि साजूक तुपाचा वास सुटला होता, आणि पोटात कावळे ओरडत असलेल्या माणसांपुढं वाचणं म्हणजे काय, हे सोहोनींना तिथं उभं राहिल्यावर कळलं. त्यांची चपलांशेजारची खुर्ची या वर्षी भंगाळेंनी घेतली होती. लोक येता-जाता त्यांना नुसता नमस्कार करत होते. सरलावहिनींनी सगळ्यांना बजावून ठेवलं असावं. पाटी त्यांच्या मांडीवर होती.

सोहोनींनी कागद तोंडासमोर धरला. माइक कुठं धरावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो छातीशी धरला, पूजेतल्या सुपारीसारखा.

"चंदीगड, एक नोव्हेंबर," त्यांनी सुरुवात केली. "पंजाब राज्याची फेररचना आज अमलात आली. मात्र दिल्लीत नकाशे चिकटवताना डिंक जरा जास्त झाल्यामुळे महाराष्ट्रातील जळगाव जिल्हा चंदीगडला चिकटून आला आहे, असे सायंकाळी उघडकीस आले. सरकारी कागदाला एकदा चिकटलेली वस्तू वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय सोडवता येत नाही. वरिष्ठ रजेवर आहेत. तोपर्यंत जिल्हा आहे तिथेच राहील."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एका मुलानं आईला विचारलं, "मम्मा, ये सच में हुआ था?"

"शहरात तेरा क्रमांकाचा सेक्टर नसल्याने तेवढी एकच जागा रिकामी होती. ती जळगाव जिल्ह्याला देण्यात आली आहे. त्यामुळे सेक्टर बारामधून चौदामध्ये सायकलने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटेत तापी नदी ओलांडावी लागते. त्यांच्यासाठी सुखना तलावावरच्या होड्या मागवल्या आहेत. मात्र होडीवाले फक्त रविवारी येतो म्हणतात."

इथं कुठंतरी एक हसू फुटलं. सोहोनींना ते खोकल्यासारखं वाटलं आणि ते आणखी भराभर वाचू लागले. भुसावळला येणाऱ्या प्रत्येक रेल्वेगाडीला शहराच्या शिस्तीप्रमाणे आधी चौकाला पूर्ण वळसा घालावा लागणार होता. केळीच्या बागांना नगररचना खात्यानं नोटीस दिली होती, की सर्व घड जमिनीपासून सारख्याच उंचीवर लागले पाहिजेत. आवाज सपाट चालला होता. जिथं थांबायचं तिथं सोहोनी थांबत नव्हते, आणि पान उलटताना मधेच थांबत होते. मंडळाचे अध्यक्ष घड्याळ बघू लागले. प्रतिमाताई मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"सर्वात गंभीर प्रश्न वांग्याचा आहे," सोहोनींनी वाचलं. "पंजाबचा भरथा आणि खानदेशचं भरीत एकाच शहरात नांदू शकत नाहीत, असे दोन्ही बाजूंचे म्हणणे पडल्याने केंद्राने वांगे-समिती नेमली. समितीच्या पहिल्या बैठकीत जळगावच्या प्रतिनिधींनी कांदा-टोमॅटो परतून, हळद आणि गरम मसाला घालून केलेले अस्सल खानदेशी भरीत सादर केले, आणि..."

मागून कसलातरी आवाज झाला. खुर्ची सरकल्याचा. सोहोनी वाचत राहिले.

"...आणि वर दह्याची..."

चपलांपाशी भंगाळे उभे राहिले होते. पाटी त्यांनी खुर्चीवर टाकली आणि रांगांमधल्या वाटेनं पुढं येऊ लागले. लोकांना वाटलं, त्यांना बरं वाटत नसावं, दोघं-तिघं उठले. भंगाळेंनी हातानं त्यांना बसवलं. ते सरळ सोहोनींसमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडातून तो फाटका, हवेचा आवाज आला.

"टोमॅटो नाही."

माइक सोहोनींच्या छातीशी होता आणि भंगाळे अगदी जवळ उभे होते, म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

भंगाळे बोलले, हे सोहोनींच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. डोक्यात फक्त टोमॅटो होता. आणि टोमॅटोच्या बाबतीत त्यांना स्वतःचं बरोबर वाटत होतं, जे त्यांना सहसा कशाच्याच बाबतीत वाटत नसे. "पण आमच्याकडे नेहमी..." ते म्हणाले.

"तुमच्याकडे पहिली शेजारीण कोण?"

"गुरप्रीतभाभी."

"मग?" भंगाळेंनी श्वास घेतला. "तीस वर्षं भरथा खातोय तू. भरीत समजून."

हॉलमध्ये हसू उसळलं. प्रतिमाताईंनी कपाळावर हात मारला, कारण ते खरं होतं. डेहराडूनहून आल्या आल्या सरकारी वसाहतीत शेजारच्या गुरप्रीतभाभींनी त्यांना वांगं गॅसवर भाजून, कांदा-टोमॅटोत परतायला शिकवलं होतं. चव चांगली होती, नाव जवळचं होतं, आणि सोहोनी कोकणातले, त्यांच्या आईच्या हातचं भरीत दह्यातलं. या दोन्हींची बेरीज म्हणजे खानदेशी भरीत, असं त्यांनी इतकी वर्षं बिनबोभाट मानून ठेवलं होतं.

"मग त्यात काय घालायचं?" सोहोनींनी विचारलं. हे त्यांनी भंगाळेंना बोलतं ठेवावं म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"आधी वांगं." भंगाळेंनी दोन्ही हातांनी वांग्याचा आकार दाखवला. "हिरवं. पांढरट. एवढं. जांभळं नाही. ते भाजायचं काड्यांवर. कपाशीच्या. तुरीच्या. गॅसवर नाही. गॅसवर..." आवाज तुटला. त्यांनी घसा साफ केला, आणि आता ते थांबून मान खाली घालतील, असं सरलावहिनींना वाटलं. पण भंगाळे इतके चिडले होते की त्यांना आपल्या आवाजाची आठवणच राहिली नव्हती. "गॅसवर वांगं भाजत नाही भो, करपतं."

"काय म्हणाले?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"गॅसवर करपतं म्हणतात," सोहोनींनी माइकमध्ये सांगितलं.

"मग ठेचायचं. लाकडी बडजीत. मिक्सर नाही. मिरची, लसूण. शेंगदाणे. कांद्याची पात."

"मिरची, लसूण, शेंगदाणे, कांदा," सोहोनी म्हणाले.

"पात. कांदा नाही म्हटलं ना."

"कांद्याची पात," सोहोनींनी दुरुस्ती केली. हॉल पुन्हा हसला. लोकांनी खुर्च्या पुढं ओढायला सुरुवात केली होती. आवाज इतका बारीक होता की ऐकायचं तर गप्प बसावं लागत होतं, आणि मंडळाच्या कार्यक्रमात एवढी शांतता आरतीनंतरच्या मंत्रपुष्पालाही कधी झाली नव्हती. साताऱ्याकडच्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे वांग्यात कूट घालतात, आख्खे शेंगदाणे नाहीत. भंगाळे त्यांच्याकडे वळले. नागपूरचे एक बँकवाले म्हणाले, खरं भरीत आमच्या विदर्भात, जळगावकरांनी ते आमच्याकडून नेलं. यावर भंगाळेंनी असा हात केला, की नागपूरकरांनी खुर्ची जरा मागं घेतली. ज्या मुलानं आईला विचारलं होतं, तो आता विचारत होता, "तो फिर जळगाव अभी किसके पास है?"

बोलता बोलता भंगाळेंचा आवाज मधेच नाहीसा होई. मग ते सोहोनींच्या कानाशी वाकत, सोहोनी ऐकून माइकमध्ये सांगत, निम्मं चुकत, आणि भंगाळे मान हलवून, वैतागून, पुन्हा स्वतः बोलत. लता दाराशी उभी राहून घड्याळ दाखवत होती. अध्यक्षांनी तिला खुणेनं थांबवलं. शेवटी आचारीच आत आला आणि म्हणाला, "जी, पूरी ठंडी हो रही है," तेव्हा कुठं लोक उठले.

बातमीची पुढची पानं तशीच राहिली. वांगे-समितीचा अहवाल, सहा महिन्यांनी डिंक सुटल्यावर जिल्हा परत नेताना भुसावळ स्टेशन चुकून इथंच राहिल्याची हकिकत, आणि शेवटचा परिच्छेद, जो सोहोनींनी पाच-सहा वेळा लिहून खोडला होता. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. आपलं वाचन पडलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण पडल्याचं जे वाटायला हवं होतं, ते काही वाटत नव्हतं. एरवी अशा वेळी ते कुणाची नजर चुकवून निघून जात. आज ते पंगतीच्या टेबलाशी भंगाळेंच्या शेजारची खुर्ची धरून उभे राहिले.

जेवतानाही भंगाळे थांबेनात. समोरच्या माणसाला ते ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं दळायचं ते सांगत होते. आवाज आता जवळजवळ उरलाच नव्हता, ओठच जास्त हलत होते. सरलावहिनी म्हणाल्या, "अहो, आता जरा गप्प बसा. डॉक्टरांनी एकदम एवढं सांगितलं नाहीये. आणि वरण गार होतंय." बोलून झाल्यावर त्या स्वतःच थबकल्या. प्रतिमाताईंनी त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली. सरलावहिनींनी ती पुरी मोडली, पण तोंडात घालायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

भंगाळे सोहोनींकडे झुकून काहीतरी म्हणाले. वाढप्यांच्या गडबडीत ते ऐकू आलं नाही.

"काय?" सोहोनी म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. भाजीवाल्यालाही असंच ऐकू आलं नव्हतं.

भंगाळेंनी घास खाली ठेवला. घोटभर पाणी प्यायले. खांदे सैल सोडले, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे, आणि पुन्हा म्हणाले. मधेच एका पोराच्या हातून वाटी पडली.

"काय?"

"पुढचं," भंगाळे तिसऱ्यांदा म्हणाले. "पुढचं वाच. समितीत काय झालं?"

"आत्ता? इथं?"

भंगाळेंनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला. सोहोनींनी डावा हात पुसला, खिशातला कागद काढला आणि टेबलाच्या कडेवर उलगडला. माइक नव्हता, त्यामुळे त्यांना बरंच सोपं गेलं. "वांगे-समितीचे अध्यक्षपद तटस्थ व्यक्तीकडे असावे, म्हणून आयुष्यात वांगे न खाल्लेल्या एका निवृत्त न्यायमूर्तींना..."

भंगाळेंनी भाताचा हात वर करून त्यांना थांबवलं, घास गिळला आणि न्यायमूर्तींविषयी बोलायला सुरुवात केली.